पोच घेतली होती का?

या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आहे. दिव्यांगांच्या अनुदानाचा अर्ज केलाय, दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी डॉक्टरांच्या बोर्डाकडे गेलोय, टक्के कमी मिळालेत, आता वाट किती दिवस बघायची? म्हणून या वेळी सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे.

नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल दोन ओळी. महसूल खात्यात मी ३१ वर्षं काढली. त्यातली नऊ वर्षं तहसीलच्या संजय गांधी शाखेत, म्हणजे निराधार आणि दिव्यांगांच्या अनुदानाच्या टेबलावर होते, शेवटी अव्वल कारकून म्हणून. माझी धाकटी बहीण जन्मापासून कर्णबधिर आहे. आई गेल्यावर ती गावच्या घरात एकटी राहू लागली, तेव्हा तिच्या अनुदानाचा अर्ज घेऊन मी स्वतः एका दुसऱ्या तालुक्याच्या खिडकीसमोर उभी राहिले. निवृत्तीनंतर बुधवारी, दिव्यांग तपासणीच्या दिवशी, मी आमच्या भागातल्या लोकांबरोबर दवाखान्यात जाते. टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात, त्यातून जे कळलं ते लिहिते.

माझ्या मिस्टरांना लहानपणापासून दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) १०० टक्के आहे. संजय गांधी योजनेचा अर्ज देऊन चौदा महिने झाले. दर वेळी सांगतात, "बैठक झालेली नाही, पुढच्या महिन्यात या." दोघांचं गाडीभाडं जातं, माझी मजुरी बुडते. खरंच एवढा वेळ लागतो का? – एक भगिनी, मराठवाडा

नाही ताई, एवढा लागत नाही. लागायला नको.

तुमचा अर्ज कुठून कुठे जातो ते आधी सांगते, म्हणजे तो कुठे थांबलाय ते तुम्हाला शोधता येईल. सेतू केंद्रातून किंवा थेट शाखेत अर्ज आला की आवक नोंदवहीत चढतो आणि त्याला आवक क्रमांक पडतो. मग तलाठ्यांकडे चौकशीला जातो (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात सगळे तलाठीच म्हणतात). राहता पत्ता, कुटुंबात कोण, जमीन किती, हे पाहून त्यांचा अहवाल येतो. शाखेत छाननी होते. कागद अपुरा असेल तर त्रुटीचं पत्र निघतं, पुरा असेल तर अर्ज तालुका समितीच्या पुढच्या बैठकीच्या यादीत जातो. समितीने मंजूर केला की आदेश, आणि मग आधारला जोडलेल्या बँक खात्यात थेट पैसे. चौकशीला पंधरा दिवस, छाननीला पंधरा दिवस, मग बैठक. माझ्या टेबलावर कागद पुरे असलेले अर्ज तीन-चार महिन्यांत मार्गी लागायचे. निवडणुकीची आचारसंहिता मध्ये आली तर आणखी दोन. चौदा महिने म्हणजे अर्ज कुठेतरी नुसता पडून आहे.

कुठे पडतो, तेही सांगते. समितीच नेमलेली नसते, हे एक कारण. सरकार बदललं की जुन्या समित्या जातात आणि नव्या यायला वेळ लागतो. पण समिती नाही म्हणून लाभार्थ्यांनी ताटकळत राहावं असं नाही, तेव्हा अधिकाऱ्यांच्या पातळीवर निर्णय होऊ शकतो. दुसरं कारण जास्त वेळा आढळतं. त्रुटीचं पत्र निघतं, ते गावात पोचत नाही किंवा चुकीच्या पत्त्यावर जातं, आणि अर्ज त्रुटीच्या गठ्ठ्यात जाऊन बसतो. खिडकीवर बसलेल्या माणसाला ते माहीत नसतं किंवा शोधायला वेळ नसतो, म्हणून तो बैठकीचं कारण सांगतो.

माझ्या बहिणीचं तेच झालं. एकोणीस महिने "बैठक, बैठक" ऐकलं. मी खात्यातली बाई, तरी मला खरं कारण कळलं नाही. शेवटी लेखी मागितलं तेव्हा कळलं की तिच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली होती. अर्ज दिला तेव्हा दाखला ताजा होता. मुदत संपली ती त्याच कार्यालयाच्या कपाटात. म्हणजे त्यांनीच उशीर केला आणि त्या उशिराचं खापर तिच्या कागदावर फुटलं. त्या दिवशी मी घरी येऊन रडले, कारण माझ्या नऊ वर्षांत माझ्या कपाटात असे किती दाखले शिळे झाले असतील, ते मला आठवू लागलं.

म्हणून ताई, पहिलं काम हे करा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा अर्जावर एखादा ३१ मार्च उलटून गेला असेल तर उत्पन्नाचा नवा दाखला काढा आणि एका साध्या पत्राबरोबर शाखेत जोडायला द्या. दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. इतरांसाठीची २१,००० ची मर्यादा कुणी तुम्हाला लावत असेल तर तिथेच बोला. पत्राच्या दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख आणि सही घ्या. हीच पोच. पोच नाही दिली तर तेच पत्र पोस्टाने रजिस्टर करून पाठवा आणि पावती जपून ठेवा.

दुसरं काम माहिती अधिकाराचा अर्ज. त्याला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर तेही नाही. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा, म्हणून गाऱ्हाणं लिहू नका, फक्त विचारा. असं लिहा:

"माझ्या पतीचा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज, आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक. १) हा अर्ज आज कोणत्या कर्मचाऱ्याकडे, कोणत्या तारखेपासून आहे? २) अर्जात त्रुटी काढली असल्यास त्या पत्राची प्रत व ते पाठवल्याची जावक नोंद द्यावी. ३) वरील तारखेनंतर झालेल्या समितीच्या सर्व बैठकांच्या इतिवृत्ताच्या प्रती द्याव्यात."

तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर तिथल्याच वरिष्ठांकडे पहिलं अपील करता येतं. माझा अनुभव असा की उत्तर येण्याआधीच अर्ज हलतो, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहायला कुणाला तरी कपाट उघडावं लागतं. बैठक झाली होती की नाही, तेही तिसऱ्या प्रश्नातून उघड होतं.

तरीही काही झालं नाही, तर जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्याचा ठरलेल्या नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. त्याच्याही वर पुण्याला दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यांना अशा तक्रारींची चौकशी करण्याचा अधिकार दिला आहे. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने कारवाई करून तीन महिन्यांत त्यांना कळवायचं असतं. तक्रार टपालानेही करता येते, तुम्हाला पुण्याला जायची गरज नाही.

एवढी घाई का करायला सांगते? कारण मी पाहिलेल्या सगळ्या अर्जांत पैसे मंजुरीनंतर सुरू झाले. अर्ज दिला त्या तारखेपासूनचे मागचे कुणाला मिळालेले मी पाहिले नाहीत. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचं अनुदान दरमहा १,५०० चं २,५०० झालं आहे. दहा महिने अर्ज पडून राहिला तर २५,००० रुपये गेले. ज्या घरात बाई मजुरीला जाते त्या घरात पंचवीस हजार म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

वय ४१. शिवणकाम करतो. लहानपणी पोलिओ झाल्याने उजवा पाय अधू. सहा वर्षांपूर्वी अपघातात डावा कोपर मोडला, तो नीट बसला नाही, हात पूर्ण वळत नाही. बोर्डाने ३६ टक्के दिले. ४० लागतात, चार टक्क्यांसाठी सगळं अडलं. अपील करावं का? त्याला किती वर्षं जातात? – एक शिंपी, पश्चिम महाराष्ट्र

दादा, अपील करायचं की नव्याने तपासणी मागायची, हे एका गोष्टीवर ठरेल. तुमच्या दाखल्यावर डाव्या हाताचा उल्लेख आहे का? दाखला हातात घ्या आणि निदानाची ओळ वाचा. बहुतेक तिथे फक्त पायाचं लिहिलेलं सापडेल. ऑनलाइन अर्ज भरताना केंद्रावरचा मुलगा विचारतो, "काय झालंय?" आपण सांगतो, "पोलिओ." तो पोलिओ टाकतो. बोर्डावर डॉक्टर कागद बघतात आणि पाय तपासतात. हात तुम्ही दाखवला नाहीत, त्यांनी विचारला नाही.

हाताचा विचारच झाला नसेल, तर ते अपिलापेक्षा पुनर्तपासणीचं प्रकरण आहे. हाताचे जुने एक्स-रे, ऑपरेशनचा कागद आणि अस्थिरोगतज्ज्ञांचं आताचं पत्र जोडून, दोन्ही अवयवांची एकत्रित तपासणी करावी अशी विनंती करा. हात दाखवूनही धरला नसेल, तर मात्र अपील.

एकत्र टक्केवारी कशी काढतात, ते समजून घ्या, म्हणजे बोर्डासमोर बोलता येईल. दोन टक्के सरळ बेरीज करत नाहीत. मोठी टक्केवारी घ्यायची. ती ९० मधून वजा करून जे उरेल त्याला लहान टक्केवारीने गुणायचं, ९० ने भागायचं आणि आलेला आकडा मोठीत मिळवायचा. तुमच्या पायाचे ३६. समजा हाताचे २० निघाले. ९० मधून ३६ गेले, ५४ उरले. ५४ गुणिले २०, भागिले ९०, बरोबर १२. छत्तीस आणि बारा, अठ्ठेचाळीस. हाताचे २० निघतील की ८, ते डॉक्टरच ठरवतील, मी तुम्हाला आशा लावत नाही. पण हाताचे सात जरी निघाले तरी तुम्ही ४० च्या पुढे जाता, म्हणून प्रयत्न करण्यासारखा आहे.

आता वेळ. दाखल्यासाठी पूर्वी नियमात एक महिना होता. २०२४ च्या दुरुस्तीत तो तीन महिने केला. मला ती दुरुस्ती पटलेली नाही. दिव्यांग माणसाचे दोन महिने आणखी गेले, एवढाच तिचा अर्थ आहे. त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे ती सगळ्यांनी ध्यानात ठेवावी: दोन वर्षं निर्णय न झालेला अर्ज निष्क्रिय होतो, मग पुन्हा सुरुवात. त्यामुळे "ऑनलाइन केलाय, येईल कधीतरी" असं म्हणून बसू नका. यूडीआयडीच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून महिन्यातून एकदा बघा. कार्ड आलं की त्याचा रंगही बघा. पांढरं म्हणजे ४० च्या खाली, पिवळं ४० पासून ८० च्या आत, निळं ८० आणि त्याच्या वर.

अपिलाची तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे. अपील कुणाकडे आणि किती दिवसांत, हे राज्य सरकार ठरवतं. तुमच्या जिल्ह्यापुरतं ते कुणाकडे द्यायचं, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी विचारा आणि त्याची पोच घ्या. दाखला हातात पडल्यापासून महिन्याच्या आत अपील टाका, म्हणजे मुदतीचा वाद उरत नाही. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दिव्यांग व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते. ही सोय किती जणांना ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि एक लक्षात ठेवा, तोंडी नकाराला अपील नसतं. काही ठिकाणी खिडकीवरच सांगतात, "तुमचं बसत नाही, फॉर्म भरू नका." माणूस परत जातो, कागदावर काहीच उमटत नाही, मग अपील कशाविरुद्ध करणार? कलम ५८ सांगतं की दिव्यांगत्व नाही असं ठरलं तर तसं लेखी कळवायचं. त्या कागदासाठी हट्ट धरा. तुम्हाला ३६ टक्क्यांचा दाखला मिळाला, तो नकोसा असला तरी तो तुमच्या हातातला पुरावा आहे.

माझा मुलगा २६ वर्षांचा. आठ वर्षांपासून स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू. आधी ५५ टक्क्यांचा तात्पुरता दाखला होता, मुदत संपली. नव्या तपासणीत ३० टक्के दिले आणि अनुदान बंद झालं. बोर्डासमोर तो म्हणाला, "मी बरा आहे." मी काय करू? माझं वय ६२. – एक वडील, विदर्भ

काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

गेल्या पावसाळ्यातला एक बुधवार सांगते. बाकावर माझ्या शेजारी एक आई आणि तिचा मुलगा बसले होते, तुमच्या मुलाच्याच वयाचा असेल. आईने त्याला आंघोळ घातली होती, दाढी करून आणली होती, निळा शर्ट इस्त्री केलेला. ती त्याच्या कॉलरचं बटण लावत सांगत होती, "साहेबांनी विचारलं तर नीट बोल हं." आत गेल्यावर त्याला नाव विचारलं, त्याने सांगितलं. वार विचारला, सांगितला. काम करतोस का? "शेतात करतो." झोप लागते का? "लागते." आई बाजूला हात जोडून उभी होती, तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही तोंड उघडलं नाही. दहा मिनिटांत ते बाहेर आले. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "शेतात तो पाच वर्षांत गेलेला नाही, ताई." मी म्हटलं, हे आत का नाही सांगितलंत? "त्याच्यासमोर कसं सांगू?"

हे तिचं चुकलं असं मला कधीच म्हणवणार नाही. मुलाची लाज आई झाकणारच. पण मानसिक आजाराचं मोजमाप वेगळं असतं. पायाचा एक्स-रे निघतो, याचा निघत नाही. आपल्याकडे त्यासाठी जी पद्धत वापरतात तिच्यात चार बाजू पाहतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. यातलं दहा मिनिटांत किती दिसणार? ते घरच्यांनीच सांगावं लागतं. आणि डॉक्टर वाईट असतात असंही नाही. त्या दिवशी त्यांच्यासमोर साठ-सत्तर माणसं असतात.

तुम्ही आजपासून एक वही घाला. दोनशे पानी नको, साधी चाळीस पानी. रोज चार ओळी. आज चार वेळा सांगितल्यावर आंघोळ. गोळी मी हातात दिली, समोर उभा राहिलो तेव्हा घेतली. दुपारी पाहुणे आले, तो आतल्या खोलीत गेला, ते जाईपर्यंत बाहेर आला नाही. दुकानातून दूध आणायला पाठवला, पैसे घेऊन तसाच परत. चांगला दिवस असेल तर तोही लिहा: आज माझ्याबरोबर चहा केला, हसला. खरी वही अशीच असते आणि वाचणाऱ्याला ती खरी आहे हे कळतं. मुलाला आहे त्यापेक्षा वाईट दाखवा असं मी सांगत नाही. तो गोळ्यांवर आणि तुमच्या आधारावर उभा आहे, हे कागदावर येऊ द्या.

दीड-दोन महिन्यांची वही, उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांचं पत्र (आजार किती वर्षांचा, दवाखान्यात किती वेळा ठेवावं लागलं, गोळ्या कोणत्या, स्वतः कमावण्याच्या स्थितीत आहे का) आणि जुन्या ५५ टक्क्यांच्या दाखल्याची प्रत, एवढं घेऊन अपील करा. अपिलात एक वाक्य जरूर घाला: "तपासणीच्या वेळी पालकांचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकून घेतले गेले नाही, ते ऐकून घ्यावे." मुलासमोर बोलायचं नसेल तर तसं आधी डॉक्टरांना चिठ्ठी पाठवून सांगा. मुलाबरोबर दुसरं कुणी तरी न्या, म्हणजे तुम्ही आत असताना तो बाहेर एकटा राहणार नाही. अपिलाची मुदत चुकू नये म्हणून अर्ज आधी टाका. वही आणि पत्र सुनावणीच्या वेळी दिलं तरी चालेल, तसं अर्जात लिहून ठेवा.

त्याच दिवशी तहसीलला एक पत्र द्या की टक्केवारीविरुद्ध अपील केलं आहे, निर्णय होईपर्यंत नाव यादीतून कायमचं कमी करू नये. सोबत अपिलाच्या पोचेची प्रत. याने पैसे लगेच चालू होतील असं सांगत नाही. पण पुढे तुमच्या बाजूने निर्णय झाला तर सगळं पहिल्यापासून करायची वेळ येऊ नये, म्हणून हे पत्र.

ज्यांच्याकडे तात्पुरता दाखला आहे त्या सगळ्यांनी आज तो उघडून त्यावरची मुदतीची तारीख बघावी. त्या तारखेच्या चार महिने आधी नूतनीकरणाला लागा. तीन महिने नियमाचे आणि एक महिना आपला.

काका, तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय, "माझ्यानंतर याचं कोण?" त्याचं उत्तर या सदरात मावणार नाही. पण अनुदान तुमच्या नावावर नाही, त्याच्या नावावर आहे. ते परत सुरू झालं तर तुमच्यानंतरही त्याचं राहील. म्हणून हे अपील सोडू नका.

वडिलांना दोन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. डावी बाजू गेली. आत्ताच दाखल्याला अर्ज करावा का? – कोकणातून

सहा महिने होऊ द्या. मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारात तपासणी आजार झाल्यापासून सहा महिन्यांनंतर करायची, असं मार्गदर्शक तत्त्वांत आहे, कारण तोवर सुधारणा होत असते. आत्ता गेलात तर परत पाठवतील. तोवर फिजिओथेरपी चुकवू नका, दवाखान्यातून सुट्टी झाल्याचा कागद आणि सीटी स्कॅन एका पिशवीत ठेवा, आधार कार्डावरचं नाव आणि जन्मतारीख रेशनकार्डाशी जुळते का ते पाहा. नावातल्या एका वेलांटीसाठी महिना जातो.

मला विधवा म्हणून संजय गांधीचे १,५०० मिळतात. मला एका पायाने चालता येत नाही, ५० टक्क्यांचं कार्ड आहे. शेजारच्या दिव्यांग बाईंना २,५०० मिळतात, मला का नाही? – एक भगिनी, खानदेश

कारण तहसीलच्या नोंदीत तुम्ही विधवा आहात, दिव्यांग नाही. तुमचा अर्ज झाला तेव्हा नवऱ्याचा मृत्यूचा दाखला जोडला, कार्ड जोडलं नाही, किंवा तेव्हा कार्डच नव्हतं. संगणकात ज्या प्रकारात नाव आहे त्या प्रकाराची रक्कम निघते. वाढ फक्त दिव्यांग लाभार्थ्यांना आहे.

नवा अर्ज करू नका. दोन अर्ज दिसले की दोन्ही थांबतात. चालू लाभात प्रकार बदलून मिळावा, असं साधं पत्र द्या. सोबत यूडीआयडी कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, आधार, बँक पासबुकाचं पहिलं पान, आणि पैसे जमा झालेले दिसतात ते पान. पत्रात ऑक्टोबर २०२५ पासूनचा फरकही मागा. मिळेल की नाही हा कार्यालयाचा निर्णय, पण न मागितलेल्या फरकाचा विचारच होणार नाही. बँकेत जाऊन खातं आधारला जोडलेलं आहे ना आणि अनुदान त्याच खात्यात येतंय ना, हे एकदा विचारून घ्या. दोन खाती असतील तर आधार ज्याला शेवटी जोडलं त्यात पैसे जातात, आणि बायका वर्षभर दुसरं पासबुक भरून आणत राहतात.

ताई, तुम्हाला जिना चढायला त्रास होतो असं लिहिलंय. शाखा वरच्या मजल्यावर असेल तर खाली थांबा आणि शिपायामार्फत निरोप पाठवा. मी असताना आम्ही खाली येऊन अर्ज घ्यायचो, आणि ते करायलाच हवं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का पडला की त्या पानाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. महिन्याभरात काही हललं नाही तर पोचेवरची तारीख मला लिहून कळवा.